केसपेपर राहणार कुठं?

आमच्या इस्पितळात संगणकाच्या खोलीबाहेर, मेन स्विचच्या खोक्याशेजारी एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर तांबड्या खडूनं लिहिलेलं होतं, 'अण्णांना हात लावू देऊ नये.' नवीन माणूस तो वाचून हसायचा. मग कधीतरी ऐन कामात त्याच्यासमोरचा पडदा काळा व्हायचा, दारात अण्णा उभे दिसायचे, आणि हसू जागच्या जागी मावळायचं. पुठ्ठा मेट्रन सिस्टरनी लावला होता. अण्णांनी तो कधी काढला नाही. उलट त्याची दोरी कुजली तेव्हा त्यांनीच नवी सुतळी आणून बांधली. आणि खटका पाडायचा तेव्हा पाडलाच.

अण्णा म्हणजे आमच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग कसला, कप्पाळ! अण्णा आणि मी. सांगलीतलं धर्मादाय इस्पितळ, नव्वदीच्या दशकातली शेवटशेवटची वर्षं. मी कराडजवळच्या मलकापूरची, पॉलिटेक्निकमधून नुकती बाहेर पडलेली आणि स्वतःला फार शहाणी समजणारी. अण्णा पन्नाशीच्या पुढचे. हरिपूरच्या जैन हळद व्यापाऱ्यांच्या घरातले. घरचा धंदा भरात असताना तो सोडून ते हिशेबाच्या मशिनी शिकायला पुण्याला गेले होते, आणि का गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "बघू, सांगीन कवातरी."

हे 'बघू' म्हणजे अण्णांची खूणच. तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून सरळ 'हो' ऐकला नाही. चहा घेणार का? बघू. उद्या येणार का? बघू. आणि उद्या सगळ्यांच्या आधी हजर! त्यांच्या मंडळी एकदा डबा द्यायला आल्या होत्या, त्या मला म्हणाल्या, "आगं, मला बघायला आले तवाबी पसंत हाय का विचारल्यावर 'बघू'च म्हणाले हुते. सासूबाई हो म्हणाल्या म्हणून लगीन झालं." अण्णा समोरच बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि डबा उघडला. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं हा त्यांचा नेम. संध्याकाळ कलली की कुलगुरू समोर बसले असते तरी डबा उघडला असता.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक वस्तूचं राहण्याचं ठिकाण विचारणं. कँटीनमध्ये ताक मागवलं तर आधी पोऱ्याला विचारणार, "ताक ठेवतोस कुठं रं?" त्यानं मडकं दाखवलं की उठून जाऊन बघणार. मगच पिणार. मी त्यांना म्हणायची, "अण्णा, आवं ताक प्यायचंय का मडक्याशी सोयरीक करायचीय?" ते म्हणायचे, "ताक कसं हाय ते मडकंच सांगतंय, पोरी."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण त्या वर्षी आमच्यापुढं जे काम होतं ते याच एका प्रश्नावर अडून बसलं होतं. इस्पितळाची रेकॉर्ड रूम म्हणजे तळमजल्यावरची सगळ्यात मोठी, उजेडाची, कोरडी खोली. आत छतापर्यंत रॅक, आणि रॅकवर वर्षानुवर्षांचे केसपेपर. कुणाला काय झालं, काय औषध दिलं, काय सोसलं नाही, सगळं त्यात. चेअरमनसाहेबांनी ठरवलं की केसपेपर स्कॅन करून मशीनमध्ये घालायचे, कागद लगद्याच्या कारखान्याला द्यायचे आणि खोली रिकामी करून तिथं बाळंतिणींचा वॉर्ड करायचा. ठरवलं ते काही चूक नव्हतं. बाळंतिणी तेव्हा व्हरांड्यात सतरंजीवर असायच्या, शेजारी बाळ, उशाला पाण्याची बाटली, आणि येणारा-जाणारा ओलांडून जायचा. मेट्रन सिस्टर अण्णांना तोंडावर म्हणायच्या, "तुमच्या कागदांना छप्पर आणि माझ्या बायकांना व्हरांडा! काय जीव जडलाय त्या कागदांवर?"

अण्णा म्हणायचे, "कागद उद्या घालवा की. पण माहिती ऱ्हाणार कुठं, ते आधी बघू."

पुण्याच्या एका कंपनीकडून केसपेपर साठवायचा प्रोग्राम घेतला होता. तो मशीनमध्ये घातला की लगेच चालू व्हायचा, कारण त्याच्यासोबत एक तात्पुरतं कोठार आयतंच यायचं. पण कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की हे कोठार सरावापुरतं आहे, खऱ्या कामासाठी आपलं कोठार आपण निवडावं आणि तसं सेटिंग करावं. पुण्याहून आलेला इंजिनियर मात्र म्हणाला, "अण्णा, सगळीकडं असंच चालतंय हो. कुणी बदलत नाही."

अण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "लॉजवर माणूस उतरतो, ते बरोबर हाय. लॉजवर कुणी संसार मांडतं व्हय?"

मग सुरू झाली ती अण्णांची परीक्षा. त्यांनी एक मशीन सरावाचं म्हणून वेगळं काढलं. आम्ही त्यात खोटे पेशंट भरायचो. नावं मी द्यायची. श्री. कारले, श्रीमती दोडके, कुमारी पडवळ. एकेका कोठारात तेच पेशंट भरायचे, आणि मी भरत असताना, काही न सांगता, अण्णा बाहेर जाऊन खटका पाडायचे. यूपीएसचं बटणसुद्धा बंद करायचे. मग मशीन पुन्हा चालू करून शांतपणे बघत बसायचे, कोण उरलं आणि कोण गेलं.

मला वाटायचं, म्हातारबाला चळ लागलाय. पण जे दिसलं ते दिसलं. तात्पुरत्या कोठारात सगळं एकाच फाइलमध्ये असायचं. खटका पडला की ती फाइल कधी उघडायची, कधी उघडायचीच नाही. उघडली नाही तर कारले, दोडके, पडवळ सगळे एकदम गेले. दुसरा मार्ग होता चित्रं नुसती फोल्डरमध्ये ठेवायची आणि नावांची यादी वेगळी ठेवायची. तो जलद होता, मला आवडला होता. तिथं खटका पडल्यावर सगळं जागेवर दिसलं, मी टाळी वाजवली, आणि अण्णांनी दोडकेबाईंचं नाव उघडलं तर आत कारल्यांचा एक्स-रे. यादी एक पाऊल पुढं गेली होती, चित्र मागं राहिलं होतं. तिसरा मार्ग, चित्रं आणि नावं दोन्ही डेटाबेसच्या पोटात. हा हळू. स्कॅन केलेलं पान आत जायला इतका वेळ लागायचा की जांभई यायची. पण खटका पडला तर अर्धवट भरलेला पेशंट पुसून टाकायचा आणि बाकीचे जसेच्या तसे समोर आणायचा.

"हे घ्यायचं," अण्णा म्हणाले.

"आवं, पण किती हळू हाय ते!"

"हळू हाय. पण गेलं तर गेलं म्हणून सांगतंय. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर खपवत न्हाई."

त्याच सुमारास आटपाडीची मावशी आली. तिचं दुखणं छातीचं, दर काही महिन्यांनी एस.टी.नं यायची, रापलेली, काटकुळी, तोंडानं मात्र अखंड चालू. पूर्वी एकदा तिला आमच्याच इस्पितळात पेनिसिलिन दिलं आणि ती जाता जाता वाचली. तेव्हापासून तिच्या केसपेपरवर तांबड्या शाईनं ठळक लिहिलेलं होतं, 'पेनिसिलिन अजिबात देऊ नये.' ती बाकावर बसली होती. अण्णा तिच्याशेजारी टेकले आणि विचारलं, "मावशी, तुमच्या औषधाचा कागद तुमच्यापाशी हाय का?"

"कागुद? माझ्यापाशी कुठला ऱ्हातुय? एक हुता, त्यो उंदरानं खाल्ला. तुमच्यापाशी हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की. मला वाचाय कुठं येतंय! शुद्धीत हाय तवर सांगती, बाबा, त्ये इंजिशन नगं. बेसुद पडल्यावर तुमीच सांगायचं."

एवढं बोलून तिनं पिशवीतून मूठभर शेंगा काढून अण्णांच्या हातावर ठेवल्या. अण्णा खोलीत परत आले, शेंगा टेबलावर ठेवल्या आणि एकेक सोलत बसले. मग म्हणाले, "आपल्या मशीनमधनं ही बाई बाहेर निघाली पायजे. खटका पाडल्यावरबी. मशीन जळालं तरीबी. ती निघाली तर बाकीचे निघतील." त्या दिवसापासून आमच्या विभागाला दुसरं काही ध्येय उरलं नाही. मावशीचा तांबडा शेरा.

अण्णांनी मला तेव्हा पेवाचं सांगितलं. हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवतात, तोंड अरुंद, पोट मोठं, वर्षानुवर्षं हळद आत टिकते. "पण पेव भरलं म्हणजे हळद हाय असं न्हाई," ते म्हणाले. "आत पाणी मुरलं आसंल. कीड लागली आसंल. वरनं काय दिसतंय? पेव उघडून हळद बाहेर काढली, उन्हात बघितली, म्हणजे हाय." म्हणून खऱ्या मशीनवर डेटाबेस बसवला, दर संध्याकाळी सगळं टेपवर उतरवायची सोय केली, आणि त्यावर अण्णांनी एक अट घातली. रॅक रिकामा करण्याआधी टेप तिसऱ्याच मशीनवर उघडायची आणि मावशी त्यातून काढून दाखवायची. चेअरमनसाहेबांनी ती अट मान्य केली, म्हणजे हसून मान हलवली.

मुहूर्त दसऱ्याचा ठरला. आम्ही बौद्ध. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजायची रीत नाही, पण दसऱ्याला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत विहारात जमते, तो आमचा मोठा दिवस. मी अष्टमीलाच मलकापूरला गेले. अण्णा खंडेनवमीला हरिपूरला, घरच्या पूजेला. इस्पितळातल्या मंडळींनी मात्र हौसेनं पूजा केली. ऑपरेशनच्या कात्र्या, ॲम्ब्युलन्स, वजनकाटा, सगळं पुजलं, मग आमची मशिनं तरी का सोडतील? दोन्ही सर्व्हर सोडवून हॉलमध्ये नेले, ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केले, पाटावर मांडले, हळदीकुंकू, झेंडूचे हार, कापूर. हत्यार पुजलं की त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून ती रात्रभर पाटावरच राहिली. दसऱ्याला सकाळी उचलून जागेवर ठेवली.

दोन्ही एकाच कंपनीची, एकाच रंगाची. सरावाच्या मशीनवर अण्णांनी चिकटपट्टी लावून 'सराव' असं लिहिलं होतं. पूजेआधी पुसताना ती पट्टी निघाली होती, देवापुढं असलं मळकट काय ठेवायचं म्हणून. आणि खऱ्याच्या जागी सरावाचं मशीन येऊन बसलं.

अण्णा दसऱ्याला वेळेवर हजर होते. ते म्हणाले, "चालू करायच्या आधी एक खटका पाडून बघू." चेअरमनसाहेब नारळ हातात घेऊन उभे. ते म्हणाले, "अण्णा, आज सणाच्या दिवशी बंद पाडायची भाषा? अशुभ बोलू नका. रॅक हलवायच्या आधी काय ती तुमची परीक्षा करा." चारचौघांत अण्णांनी माघार घेतली. नारळ फुटला, पहिला केसपेपर स्कॅन झाला, पेढे वाटले.

मी परत आले तेव्हा काम धडाक्यात सुरू होतं. पानं भराभर आत जात होती. इतकी भराभर की अण्णा अस्वस्थ झाले. "डेटाबेस एवढा पळत न्हाई," ते म्हणाले. नव्या मशीनचा जोर असेल, असं सगळ्यांनी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "बघू." पण मशीन उघडून बघायचं तर काम थांबवायला लागणार, आणि काम थांबवायला चेअरमनसाहेब तयार नव्हते. टेप रोज संध्याकाळी फिरत होती, हिरवा दिवा लागत होता. पहिला रॅक स्कॅन करून संपला. त्यात मावशीचा केसपेपर होता.

दिवाळीच्या तोंडावर गाडी आली. लगद्याच्या कारखान्याची, मागच्या फाटकाशी लागलेली. हमाल गठ्ठे खांद्यावर घेऊन चढवत होते, चेअरमनसाहेब जातीनं उभे होते, मेट्रन सिस्टर खोलीच्या भिंती न्याहाळत होत्या, खाटा कुठं लावायच्या ते बघत. आणि आत अण्णांनी माझ्या टेबलावरच्या मशीनमध्ये टेप घातली. उघडली. मावशीचं नाव टाकलं.

नाही.

पुन्हा टाकलं. नाही. मग त्यांनी सगळीच यादी मागितली. पडद्यावर आले श्री. कारले, श्रीमती दोडके, कुमारी पडवळ. बास. टेप रोज मन लावून डेटाबेसची जागा उतरवत होती, आणि त्या मशीनवर तिथं आमच्या परीक्षेतली भाजी तेवढी पडून होती. सरावाच्या मशीनचं सेटिंग तात्पुरत्या कोठारावरच राहिलं होतं, म्हणून खरे पेशंट गेले होते तिथं. लॉजवर.

अण्णा उठले आणि धावत सुटले. त्या माणसाला मी त्याआधी किंवा त्यानंतर कधी धावताना बघितलं नाही. फाटकाशी जाऊन ते गाडीच्या फाळक्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. "उतरवा," म्हणाले. "सगळं खाली उतरवा."

ड्रायव्हर भोंगा वाजवायला लागला. चेअरमनसाहेब भडकले. "अहो, मशीन चालतंय! या इकडं, मी दाखवतो!" आणि खरंच, त्यांनी आत येऊन ऑपरेटरला मावशीचं नाव टाकायला लावलं, तर पडद्यावर मावशी आली. तांबडा शेरा, सही, सगळं. "हे काय आहे मग? ही बाई नाही का?"

"हाय," अण्णा म्हणाले. "चालू हाय तवर हाय. बंद करून दावू?"

साहेब म्हणाले, "दाखवा!"

मी त्यांना अडवायला हवं होतं की नको, मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनी आधी ऑपरेटरला पुढचं पान स्कॅन करायला सांगितलं, बाहेर गेले, पुठ्ठा बाजूला सारला आणि खटका पाडला. यूपीएस मी बंद केला. मशीन पुन्हा चालू व्हायला वेळ लागला. बाहेर भोंगा तेवढा वाजत होता. मग प्रोग्राम सुरू झाला आणि त्यानं सांगितलं की फाइल उघडता येत नाही. एवढंच. मावशी नाही, कुणीच नाही, दसऱ्यापासूनचा एकही माणूस नाही.

चेअरमनसाहेब खुर्चीवर बसले. मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. मग तेच बाहेर गेले आणि स्वतःच्या हातानं एक गठ्ठा गाडीतून खाली घेतला.

पुढचे महिने आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. खरं मशीन खऱ्या जागी आलं, त्याच्या अंगावर तेलरंगानं नाव घातलं. पहिला रॅक पुन्हा स्कॅन केला, सावकाश, जांभया देत. अण्णांनी खटका पाडला, मावशी निघाली. टेप दुसऱ्या मशीनवर उघडली, मावशी निघाली. टेप घरी नेली, आणली, पुन्हा उघडली. मावशी निघाली. मी कागद हातात धरायची आणि पडद्यावरचं वाचायची, अक्षर न् अक्षर. आता बघायचं काही शिल्लक नव्हतं.

गाडी पुन्हा आली. या वेळी चेअरमनसाहेबांचा आवाज खाली होता. ते म्हणाले, "अण्णा, मागच्या वेळी मी ऐकलं नाही. आता तुम्ही म्हणाल तेव्हाच हलवायचं. हो म्हणा, नेतो. नाही म्हणा, गाडी परत पाठवतो."

हमाल थांबले. मेट्रन सिस्टर दारात होत्या. त्यांच्यामागं व्हरांड्यात एक बाळ केकाटत होतं आणि त्याची आई थंडीनं गारठलेली, पाय पोटाशी घेऊन पडली होती. सगळे अण्णांच्या तोंडाकडं बघत होते.

अण्णांनी तोंड उघडलं. शब्द आला नाही. मला वाटलं 'बघू' म्हणतील, पण तेही आलं नाही. ओठ हलत होते, कपाळावर घाम, आणि नजर गाडीवर खिळलेली. सिस्टर नेहमीसारख्या तोडून बोलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "अण्णा?" ते नुसते उभे. माणूस हट्टानं गप्प असतो तेव्हा कळतं. हे तसलं नव्हतं. त्यांच्यानं बोलवतच नव्हतं.

मी काय विचार केला ते सांगता येत नाही. केलाच नसेल. मी म्हणाले, "न्या."

साहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान खाली घातली. हमालांनी गठ्ठे उचलले. मी शेवटचा गठ्ठा जाईपर्यंत तिथंच थांबले.

उन्हाळ्यापर्यंत खोली रिकामी झाली, चुना मारला, खाटा लागल्या. अण्णांनी त्याच सुमारास राजीनामा दिला. भांडण नाही, तंटा नाही. माझ्या हातात किल्ल्या दिल्या, म्हणाले, "तुझं चालतंय आता," आणि हरिपूरला गेले. पुठ्ठा तिथंच होता. त्याला हात लावायचा माझा धीर झाला नाही.

मावशी आली ती पुढच्या पावसाळ्यात. चालत नाही, जीपमधून, पोराच्या मांडीवर डोकं, डोळे पांढरे. पोराला आईचं नाव-गाव तेवढं सांगता येत होतं, बाकी तो नुसता रडत होता. रात्रपाळीचे डॉक्टर नुकतेच बदलून आलेले नवीन होते. त्यांनी नर्सला इंजेक्शन सांगितलं. पेनिसिलिनच. टेपच्या कामासाठी मी अजून तिथंच होते, लगेच नाव टाकलं. त्या संथ डेटाबेसनं जेवढा वेळ घ्यायचा तेवढा घेतला, आणि मी आयुष्यात कुठल्या मशीनला इतक्या शिव्या दिल्या नसतील. मग शेरा आला. डॉक्टरांनी वाचला आणि दुसरं औषध सांगितलं. झालं ते एवढंच. तिसऱ्या दिवशी मावशी उठून बसली आणि इस्पितळातल्या आमटीला नावं ठेवायला लागली.

हे अण्णांना सांगायला मी हरिपूरला गेले. दुपार कलली होती, ते अंगणात जेवत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं खूष होतील. त्यांनी ऐकलं, हात धुतला आणि म्हणाले, "चल."

घरामागं मोकळं रान होतं. पेवांची तोंडं मातीनं लिंपलेली, चालताना जमीन पायाखाली पोकळ वाजायची. एका ठिकाणी ते थांबले. तिथलं पेव बुजवलेलं होतं.

"माझा धाकटा भाऊ हितं गेला," ते म्हणाले. "पेव उघडलं की आत लगेच उतरायचं नसतं. आत वाईट हवा साठलेली असती. आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर थांबायचं. त्या दिशी कंदील पलीकडच्या पेवावर नेलेला. व्यापाऱ्याची गाडी दारात, ड्रायव्हर भोंगा वाजवत हुता. भावानं वरनं आत बघितलं आणि मला इचारलं, 'दादा, उतरू का?'"

ते थांबले.

"मी हो म्हणालो," अण्णा म्हणाले. "उतर, म्हणालो."

ते पेवाच्या कडेला खाली बसले. मीही बसले. मला रडू आवरलं नाही. अण्णा रडत नव्हते. मग त्यांनीच विचारलं, "त्या दिशी गाडीपुढं तू 'न्या' म्हणालीस. तवा तुला भ्या वाटलं हुतं?"

"लय," मी म्हणाले. "आवं अण्णा, त्यानंतर कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"मग तू बरोबर म्हणालीस, पोरी," ते म्हणाले. "मी 'उतर' म्हणालो त्या दिशी मला कायबी वाटलं न्हवतं."